केसपेपरला साक्षीदार हवा

परभणी जिल्ह्यातल्या रुग्णाचा वैद्यकीय इतिहास बहुतेक वेळा एका प्लास्टिकच्या पिशवीत मावतो. ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर, खाजगी लॅबचे रिपोर्ट, सोनोग्राफीची फिल्म, जुने डिस्चार्ज कार्ड, संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. जिंतूर, पालम किंवा गंगाखेड तालुक्यातला माणूस आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून परभणीच्या 'सिव्हिल'ला. तिथे निभावले नाही तर नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरची 'घाटी' गाठतो, आणि कर्करोगाची शंका असेल तर मुंबईचे टाटा रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी पिशवी नव्याने उलगडली जाते. जो कागद सापडत नाही ती तपासणी पुन्हा होते आणि तिचा भार घरावर पडतो. 2011 च्या जनगणनेनुसार नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या 18,36,086 होती, आणि दहापैकी जवळपास सात माणसे खेड्यांत राहत होती. या पिशवीतले कागद संगणकात आणावेत आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात सुखरूप पोहोचावेत, याबद्दल आता दुमत उरलेले नाही. मतभेद आहे तो 'सुखरूप' या शब्दाबद्दल. ब्लॉकचेन वापरली की रुग्णाची माहिती सुरक्षित होईल, असे गेली दहाएक वर्षे सांगितले जात आहे. हे म्हणणे कुठवर खरे आहे आणि परभणीसारख्या जिल्ह्याला त्याचा नेमका काय उपयोग आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

तपासणीची सुरुवात एका शब्दाची फोड करून करावी लागते, कारण 'सुरक्षित' या एका शब्दात तीन वेगळ्या अपेक्षा दडलेल्या आहेत. पहिली गोपनीयतेची: ज्याला अधिकार नाही त्याला माझा आजार कळू नये. दुसरी उपलब्धतेची: डॉक्टरला गरज पडेल त्या क्षणी माझी नोंद मिळावी. तिसरी अबाधिततेची: जी नोंद झाली ती तशीच राहावी, मागाहून कोणी गुपचूप बदलली तर ते उघडकीस यावे. कुलूप, पाठप्रत आणि साक्षीदार या जशा तीन वेगळ्या गोष्टी, तशाच या तीन गरजा. माझे म्हणणे असे की ब्लॉकचेन हे यातले तिसरे साधन आहे. तिला कुलूप समजून वापरले तर नुकसान होईल, पाठप्रत समजून वापरले तर पैसा वाया जाईल, पण साक्षीदार म्हणून वापरले तर आजवर सर्वात दुबळ्या राहिलेल्या रुग्णाच्या बाजूला ती बळ देईल. थोडक्यात, रुग्णाचा आजार साखळीत जाता कामा नये. आजाराची नोंद कधी झाली, कोणी केली आणि कोणी पाहिली, याची साक्ष मात्र साखळीत असली पाहिजे.

पहिल्या दोन गरजा किती खऱ्या आहेत, हे अलीकडच्या घटनाच सांगतात. 2020 च्या फेब्रुवारीत ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. जगभरात क्ष-किरण, सीटी आणि एमआरआय तपासण्यांच्या प्रतिमा पासवर्डविना इंटरनेटवर उघड्या पडल्याचे त्यात दाखवले होते, आणि भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. आपल्या राज्यातल्या 3 लाख 8 हजारांहून अधिक तपासण्यांच्या जवळपास 7 कोटी प्रतिमा कोणालाही पाहता येतील अशा अवस्थेत होत्या. हे कोणा निष्णात चोराचे काम नव्हते, दार उघडेच होते. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरांवर खंडणीचा हल्ला झाला. सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या सर्वात नावाजलेल्या रुग्णालयाला बरेच दिवस हाताने लिहून काम चालवावे लागले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणकीय नोंदप्रणालीही बंद पडली आणि ओपीडी पुन्हा कागदी केसपेपरवर आली. या तिन्ही प्रसंगी ब्लॉकचेन असती तर काय झाले असते? उघडे दार उघडेच राहिले असते, कुलूपबंद झालेली माहिती परत मिळाली नसती, बंद पडलेली प्रणाली सुरू झाली नसती. पासवर्ड, कूटबद्ध साठवण, रोजच्या रोज वेगळ्या जागी ठेवलेली पाठप्रत आणि प्रणालीची मालकी सरकारकडे ठेवणारा करार, ही त्यावरची उत्तरे आहेत. ती साधी आहेत, म्हणून ती टाळून नव्या शब्दामागे धावणे रुग्णाला परवडणारे नाही.

तिसऱ्या गरजेकडे मात्र कमी लक्ष गेले आहे, आणि मराठवाड्यात ती सर्वात जास्त बोचते. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास घर सोडणाऱ्या आणि चैत्राच्या आगेमागे परतणाऱ्या कुटुंबांचा हा प्रदेश आहे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची माणसेही त्यांत आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. यातल्या किती शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होत्या, हे ठरवायचे तर शस्त्रक्रियेपूर्वीची सोनोग्राफी, बायोप्सीचा रिपोर्ट, संमतिपत्र आणि डिस्चार्ज कार्ड लागते. जिचे गाव वर्षाचे पाच-सहा महिने बदललेले असते, तिच्याकडे हे कागद टिकून राहणे कठीण, आणि ज्यांच्याकडे ते असतात तेच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभे असतात. केसपेपरची प्रत रुग्णाला द्यावीच लागेल, गोपनीयतेची सबब सांगून ती नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात 1996 सालीच सांगितले आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यावर 72 तासांत देणे बंधनकारक आहे. प्रत मिळण्याचा हक्क अशा रीतीने मान्य झाला. हातात पडलेली प्रत त्या दिवशी लिहिलेल्या मजकुराचीच आहे, की तक्रार झाल्यावर पुन्हा लिहिलेल्या मजकुराची, याची खात्री देणारी व्यवस्था मात्र उभी राहिलेली नाही.

हीच उणीव भरून काढण्याची ताकद ब्लॉकचेनमध्ये आहे. तिची रचना समजायला गावच्या दप्तरातली फेरफाराची वही पुरेशी आहे. सातबाऱ्यावरचे नाव बदलायचे तर फेरफार नोंदवावा लागतो. त्याला अनुक्रमांक असतो, जुनी नोंद खोडली जात नाही, नवी नोंद तिच्यापुढे लिहिली जाते, आणि मधले पान फाडले तर क्रमांक तुटलेला दिसतो. ब्लॉकचेनमध्ये क्रमांकाच्या जागी अंकीय ठसा असतो, त्याला हॅश म्हणतात. कोणताही मजकूर, मग तो दोन ओळींची चिठ्ठी असो की शेकडो पानांची फाइल, ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून घातला की 64 अक्षरा-अंकांची एक ओळ मिळते. औषधाची मात्रा 5 ऐवजी 50 केली तरी ती संपूर्ण ओळ बदलते, आणि ओळीवरून मूळ मजकूर उलगडता येत नाही. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा ठसा उमटवलेला असतो, म्हणून जुने पान बदलायचे तर त्यापुढचे प्रत्येक पान बदलावे लागते. शिवाय ही वही एकाच तलाठ्याच्या दप्तरात नसते. परस्परांवर अवलंबून नसलेल्या अनेकांच्या दप्तरांत तिची सारखी प्रत असते, आणि नवे पान सगळ्यांनी ताडून पाहिल्यावरच जोडले जाते. एकाने आपल्याकडची वही बदलली तर बाकीच्या वह्या त्याच्याविरुद्ध साक्ष देतात. बिटकॉइनमुळे 2008 नंतर हा विचार जगभर पोहोचला. पण त्याचे मूळ 1991 मधल्या स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांच्या संशोधनात आहे, आणि त्यांचा प्रश्न पैशाचा नव्हताच. अमुक दस्तऐवज अमुक दिवशी अस्तित्वात होता हे कसे सिद्ध करावे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि केसपेपरचा प्रश्नही नेमका तोच आहे.

या रचनेतूनच तिची मर्यादाही कळते. जे सगळ्यांच्या दप्तरांत जाते आणि कधीच खोडता येत नाही, तिथे माणसाचा आजार लिहिणे हा घोर अविचार ठरेल. सीटी स्कॅनच्या प्रतिमा अनेक ठिकाणी साठवण्याचा खर्चही झेपणारा नाही. गंभीर प्रयोग करणाऱ्यांना हे सुरुवातीलाच उमगले होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2016 मध्ये 'मेडरेक' नावाचा आराखडा मांडला. त्यात रुग्णाच्या नोंदी रुग्णालयाच्याच संगणकात राहतात. नोंद कुठे आहे याचा पत्ता, ती पाहण्याची परवानगी कोणाला आहे याचा तपशील आणि ती बदललेली नाही हे पटवणारा ठसा, एवढेच साखळीवर जाते. त्यानंतरच्या बहुतेक विचारी आराखड्यांनी हीच वाट धरली. तरीही निव्वळ ठसा ठेवला म्हणजे काम संपले, असेही नाही. दहा आकडी मोबाइल क्रमांकाचा किंवा 'आभा' या 14 आकडी आरोग्य ओळख क्रमांकाचा नुसता ठसा साखळीवर ठेवला, तर शक्तिशाली संगणक सगळे संभाव्य क्रमांक एकामागून एक घालून पाहील आणि माणूस ओळखेल. म्हणून प्रत्येक नोंदीत एक गुप्त, अंदाज न बांधता येणारा आकडा मिसळूनच ठसा घ्यावा लागतो. ही बारीक गोष्ट वाटते, पण कंत्राटाच्या कागदावर ती लिहिलेली आहे की नाही यावर एड्स किंवा क्षयाच्या रुग्णाची अब्रू अवलंबून आहे. एचआयव्हीग्रस्तांच्या माहितीला संरक्षण देणारा 2017 चा कायदा तर संमतीशिवायच्या उघडकीला स्पष्ट मनाई करतो.

जगातले सर्वात परिपक्व उदाहरण एस्टोनियाचे. या देशाची लोकसंख्या सुमारे 13 लाख, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्याहून कमी. 2007 मध्ये तिथल्या सरकारी आणि बँकांच्या संकेतस्थळांवर मोठे सायबर हल्ले झाले आणि नोंदींच्या खरेपणाचा प्रश्न राष्ट्रीय सुरक्षेचा झाला. 2016 मध्ये तिथल्या आरोग्य नोंदींसाठी गार्डटाइम कंपनीचे ठशांच्या साखळीचे तंत्र वापरण्याचा निर्णय झाला. आजाराची माहिती साखळीवर नसते. नोंदीत काही बदल झाला किंवा ती कोणी उघडली, की त्या घटनेचा ठसा साखळीत जातो. नागरिक आपल्या ओळखपत्राने प्रणालीत शिरून आपली नोंद कोणत्या डॉक्टरने कधी पाहिली हे वाचू शकतो, आणि विनाकारण डोकावणाऱ्याला जाब विचारू शकतो. या उदाहरणातला खरा धडा क्रमाचा आहे. एस्टोनियात देशव्यापी आरोग्य नोंदप्रणाली 2008 मध्येच सुरू झाली होती आणि प्रत्येकाकडे स्वतःची सही करणारे ओळखपत्र होते. साक्षीदार आठ वर्षांनी आला, कारण साक्ष द्यायला आधी घटना नोंदलेली असावी लागते. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात नोंदच कागदावर असताना साखळीचे गोडवे गाणे म्हणजे पाया न खणता कळस चढवणे.

महाराष्ट्राला या तंत्राचा अगदीच अनुभव नाही, असे नाही. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे 65 हजार जातप्रमाणपत्रांचे ठसे पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीवर नोंदवण्याचे काम सुरू झाले. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड तपासला की ते खरे की बनावट हे कळावे, हा हेतू. त्याआधी राज्याच्या कौशल्य विकास मंडळाच्या पदविका प्रमाणपत्रांसाठीही हाच मार्ग निवडला गेला होता. दुर्गम, आदिवासी भागात हा प्रयोग झाला ही गोष्ट महत्त्वाची, कारण तंत्र शहरापुरतेच आहे हा आक्षेप त्यामुळे दुबळा होतो. केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय ब्लॉकचेन चौकट आणि 'विश्वस्य' नावाचा तंत्रसंच जाहीर केला. त्याची यंत्रणा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर इथल्या डेटा केंद्रांत आहे. साधन तर हाताशी आले. पण तिन्ही शहरांतली केंद्रे एकाच संस्थेची असतील, तर वही तीन कपाटांत असली तरी किल्ली एकाच कमरेला राहते. एवढ्याने वीजपुरवठा तुटला तरी वही वाचेल, मालकाने स्वतःच ती बदलायची ठरवली तर मात्र तिला वाचवणारा कोणी नसेल. साक्षीदार स्वतंत्र असल्याशिवाय साक्षीला किंमत नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात आपल्याकडे मुख्य रस्ता आधीच आखला गेला आहे, तो आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा. 15 ऑगस्ट 2020 रोजी तो जाहीर झाला, 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर लागू झाला आणि आज 70 कोटींहून अधिक आभा क्रमांक काढले गेले आहेत. त्याची रचना समजूतदार आहे. सगळ्यांच्या नोंदी दिल्लीत एका तिजोरीत भरायच्या नाहीत, त्या जिथे तयार झाल्या तिथेच राहतील, आणि रुग्णाने संमती दिली की एका रुग्णालयाकडून दुसऱ्याकडे ठरावीक स्वरूपात जातील. ही संमती कोणत्या कामासाठी, किती काळासाठी, हे लिहिलेले असते आणि ती मागेही घेता येते. म्हणजे ब्लॉकचेनकडून जे मागितले जाते त्यातले बरेच इथे साखळीशिवाय साधले आहे. मग साखळीची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे आणि तोच सर्वात वजनदार आक्षेप आहे. अनेक संगणकतज्ज्ञ म्हणतात, चांगला डेटाबेस आणि नोंद कोणी कधी उघडली हे टिपणारी, बारकाईने ठेवलेली उघडझाप-वही पुरेशी असते, साखळीमुळे खर्च आणि गुंतागुंत तेवढी वाढते.

या आक्षेपाला उत्तर एकाच कसोटीवर देता येते: वहीचा मालक एक आहे की अनेक, आणि वाद कोणाकोणात होऊ शकतो? एकाच रुग्णालयाच्या चार भिंतींत हा आक्षेप पूर्ण खरा आहे, तिथे साखळी नको. पण परभणीच्या रुग्णाच्या वाटेवर मालक बदलत जातात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, लॅब आणि नर्सिंग होम खाजगी, आणि खर्चाचा दावा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे. या सगळ्यांवर अधिकार चालवणारा एक वरिष्ठ नाही. वाद झाला तर प्रत्येकाची उघडझाप-वही ही त्याने स्वतःच्या बाजूने दिलेली जबानी ठरते. रुग्ण एका बाजूला आणि संस्था दुसऱ्या बाजूला असताना संस्थेच्या ताब्यातला पुरावा हाच एकमेव पुरावा असू नये, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटावे. साखळीची गरज आहे ती इथे, आणि बहुधा एवढीच.

दुसरा आक्षेप कायद्याचा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मोठ्या कसुरीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खोडता न येणारी वही आणि पुसून घेण्याचा हक्क एकत्र कसे नांदतील? युरोपातही हाच पेच पडला आणि तिथल्या माहिती संरक्षण मंडळाने 2025 च्या मार्गदर्शनात वैयक्तिक माहिती साखळीवर ठेवणे टाळावे असेच सुचवले. नोंद रुग्णालयात आणि ठसा साखळीत, या विभागणीने पेच बराचसा सुटतो. कायद्याने नोंद नष्ट करण्याची वेळ आली, तर रुग्णालयातली नोंद आणि ठशात मिसळलेला गुप्त आकडा दोन्ही नष्ट करायचे. मग साखळीवर उरलेल्या 64 अक्षरांवरून कोणालाही कोणाकडे बोट दाखवता येत नाही. ज्यांना ही विभागणी त्रासाची वाटते, त्यांनी आरोग्याच्या वाटेला जाऊ नये. न्या. पुट्टस्वामी प्रकरणात 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे, आणि आजारापेक्षा अधिक खाजगी असे माणसाजवळ फारसे काही नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वात खरा वाटतो: खोटी नोंद साखळीत गेली तर ती कायमची खोटी राहते. देशाच्या महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये आयुष्मान भारत जन आरोग्य योजनेची तपासणी केली, तेव्हा जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे 9999999999 हा एकच मोबाइल क्रमांक आढळला. जिथे उद्दिष्ट पूर्ण करण्याची घाई असते आणि एका परिचारिकेकडे कामापेक्षा रजिस्टरे जास्त असतात, तिथे असा आकडा भरला जातो. साखळी हा आकडा सुधारणार नाही. तरी एवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाही. साखळी नोंदीचा खरेपणा सिद्ध करत नाही, नोंद करणाऱ्याची जबाबदारी सिद्ध करते. अमुक नोंद अमुक केंद्रातून अमुक वेळी झाली आणि तमुक वेळी तिची दुरुस्ती झाली, हे दोन्ही दिसत राहते. चूक सुधारण्याची सोय असली पाहिजे, ती चूक लपवण्याची सोय होता कामा नये. त्याच वेळी हेही मानले पाहिजे की आशाताई, सिस्टर आणि डेटा ऑपरेटर यांच्यावर आणखी एक स्क्रीन लादून ही व्यवस्था चालणार नाही. ठसा घेण्याचे काम यंत्राने आपोआप करावे, माणसाने एकदाच आणि नीट नोंद करावी, असे नसेल तर पुन्हा नऊ-नऊच भरले जातील.

चौथा आक्षेप किल्लीचा, म्हणजे संमती नेमकी कोण देतो याचा. आराखड्यांच्या कागदावर प्रत्येक रुग्णाच्या हातात स्वतःची किल्ली असते. प्रत्यक्षात पालम किंवा सेलू तालुक्यातल्या अनेक घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात. गर्भपात, गर्भनिरोधक, मानसिक आजार किंवा एचआयव्ही यांची नोंद उघडण्याचा ओटीपी ज्या फोनवर जातो, तो फोन ज्याच्याकडे, संमती खरी त्याची. हंगामात मुकादमाच्या भरवशावर परजिल्ह्यात असलेल्या बाईबाबत तर हे आणखी अवघड होते. किल्ल्या हरवतात, आणि कधी त्यांच्यातच खोट निघते. 2017 मध्ये एस्टोनियासारख्या देशाला ओळखपत्रांच्या चिपमधल्या दोषामुळे सुमारे 7 लाख 60 हजार कार्डांची प्रमाणपत्रे थांबवावी लागली होती. म्हणून फोनशिवायची वाट हवी. आरोग्य केंद्रात एकांतात, बोटाच्या ठशाने किंवा स्वतः निवडलेल्या विश्वासू व्यक्तीच्या मदतीने संमती देता यावी. संवेदनशील नोंदी मुळातच वेगळ्या कप्प्यात असाव्यात. संमतीचा मजकूर मराठीत असावा. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत सूचना मिळण्याचा पर्याय 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यानेच दिलेला आहे. आणि बेशुद्ध रुग्णासाठी डॉक्टरला विनासंमती नोंद उघडता यावी, पण त्या उघडण्याची साक्ष कधीही पुसता येऊ नये. या शेवटच्या कामात साखळीची बरोबरी दुसरे साधन करू शकत नाही.

खर्चाचा आणि विजेचा मुद्दा आता मागे पडला आहे. बिटकॉइनसारखी वीज खाणारी पद्धत या कामाला लागतच नाही. इथेरियम या सार्वजनिक साखळीनेही सप्टेंबर 2022 मध्ये पद्धत बदलून आपला वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटवला, आणि ओळखीच्या मोजक्या संस्थांच्या साखळीला साधे सर्व्हर पुरतात. परभणीत अशी साखळी उभी करायची तर साक्षीदार कोण, हा प्रश्न तंत्राहून मोठा आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, 2023 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि खाजगी डॉक्टरांची संघटना यांच्याकडे एकेक वही असावी. त्यांच्या जोडीला आरोग्याशी हितसंबंध नसलेले दोन साक्षीदार हवेत: 1972 पासून इथे असलेले वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. सुरुवात सगळ्या नोंदींपासून करू नये. आधी फक्त डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेचे संमतिपत्र घ्यावे. रुग्ण घरी जाताना कार्डावर क्यूआर कोड छापावा आणि त्याच क्षणी त्याचा ठसा साखळीत जावा. एटापल्लीत प्रमाणपत्रांसाठी हेच झाले. ज्या बाईला पुढे कधी विचारावेसे वाटेल की माझे गर्भाशय का काढले, तिच्या हातातले कार्ड मग कोणी 'वेगळे' म्हणू शकणार नाही. दुसऱ्या टप्प्यात नोंद कोणी पाहिली याची यादी केसपेपरच्या खिडकीवर मागताक्षणी छापून मिळावी. क्षय, एचआयव्ही आणि मानसिक आरोग्याच्या नोंदींना हात लावण्याआधी ही दोन कामे वर्षभर नीट चालून दाखवावीत.

आणि या साक्षीदारांवरही कोणाचा विश्वास नसेल तर? त्याचे उत्तर हेबर आणि स्टॉर्नेटा यांच्या जुन्या कल्पनेत आहे. 1995 पासून त्यांच्या कंपनीने आपल्या सगळ्या नोंदींचा मिळून एक ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापून घरोघर गेलेला अंक मागाहून कोणाला बदलता येत नाही, हा त्यामागचा साधा तर्क. जमीन विकत घेताना आपण वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो ती याच विश्वासावर. परभणीतल्या दिवसभराच्या सगळ्या वैद्यकीय नोंदींचा मिळून एक ठसा, 64 अक्षरांची एक ओळ, रोज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सूचना फलकावर लागावी आणि स्थानिक दैनिकाच्या जाहीर नोटिशीत छापली जावी. त्या ओळीतून कोणाचाही आजार कळणार नाही, आणि त्या दिवसाची एकही नोंद पुढे कोणाला नकळत बदलता येणार नाही. मोठ्या डेटा केंद्रांच्या घोषणेपेक्षा या एका ओळीने अधिक काम होईल, कारण ती तपासायला परवाना लागत नाही. पुढच्या वेळी आरोग्य विभागाच्या एखाद्या निविदेत 'ब्लॉकचेन' हा शब्द दिसला, तर जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी, डॉक्टरांनी आणि पत्रकारांनी तीन प्रश्न विचारावेत. साखळीत आजार जातो की फक्त त्याची साक्ष? वह्या किती स्वतंत्र संस्थांकडे आहेत? आणि ज्या बाईकडे फोन नाही, तिला आपली नोंद कोणी पाहिली हे कसे कळणार? ही तीन उत्तरे लेखी मिळेपर्यंत तो शब्द असलेल्या निविदेवर सही होऊ नये.